रूथताईच्या फोटोशेजारची बाटली

रूथताई हृदयविकाराच्या झटक्याने गेल्याचं मला कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. तिचा हसरा फोटो, फोटोला हार आणि शेजारी आमच्या कॅप्सूलची बाटली. खाली ओळ : ‘आमच्या संशोधनाची जननी’. दोन महिने होत आले, तेव्हा वाटलेली किळस अजून ओसरलेली नाही.

शिरूरजवळच्या त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी ताईच्या हाताखाली काम शिकले. दह्यात असतात तसले उपकारक जिवाणू पोटातल्या आम्लात मरतात, आतड्यापर्यंत पोचतच नाहीत. ताई त्यांना समुद्री शेवाळातल्या चिकट पदार्थाचं कवच चढवायची, त्यात डाळिंबाच्या सालींचा अर्क मिसळायची. साली आणायला स्वतः तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जायची, रसवाल्याशी गप्पा मारत पोतं भरायची. हातांवर कायम तपकिरी डाग. माल लवकर निघावा म्हणून कारखान्याच्या साहेबांनी वाळवणीची उष्णता वाढवली, तेव्हा तिने कॅप्सूलमध्ये भरायची पावडर तपासली. एकही जिवाणू जगला नव्हता. बाटलीवर मात्र ‘जिवंत’ असंच छापलेलं. साहेब हसत म्हणाले, “मॅडम, पोटात गेल्यावर कोण बघायला जातंय?” ताईने तपासणीच्या अहवालावर सही केली नाही, त्याच आठवड्यात नोकरी सोडली. मला म्हणाली, “आजारी माणूस हे विश्वासानं गिळतो गं... शिसारी येते मला.”

हेच साहेब चर्चमधल्या प्रार्थनासभेला खोका घेऊन आले. ताई आपल्या परिवारातली होती, असं बोलले आणि मग दाराशी उभे राहून बाटल्या वाटू लागले. प्रत्येक बाटलीवर तिचा फोटो. लोक संकोचाने घेत होते. ताईची आई, मार्थामावशी, उठल्या. एकेकाच्या हातातली बाटली काढून पदरात भरली आणि साहेबांच्या गाडीत सीटवर ओतली. “ह्यात माझी पोरगी न्हाई,” एवढंच म्हणाल्या. तो फोटो अजून मेडिकलच्या काचेमागे दिसतो. मी रस्ता बदलते.

परवा मावशींकडे गेले. नोकरी सुटल्यावरही ताई घरी प्रयोग करत होती, हे मला तिथे कळलं. फ्रिजमध्ये एक काचेची बरणी होती, आत त्याच कवचातल्या जिवाणूंचे मोहरीएवढे तांबूस मणी. वीज गेली की मावशी बरणीभोवती बर्फ रचतात.

“जित्ते हायत ना गं आतले?” त्यांनी विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं... मी म्हटलं, “मावशी, तपासल्याशिवाय नाही सांगता यायचं.”

त्यांनी पदराने बरणी पुसली, पुन्हा जागेवर ठेवली.

“तीबी असंच म्हणायची,” त्या म्हणाल्या.