प्लेटवाले मधुसर

धुळ्यातल्या देवपूरला मधुसरांच्या हॉस्पिटलात मी नोकरीला लागले, त्या पहिल्या सकाळी स्ट्रेचरवर एक म्हातारा कण्हत पडला होता. सरांनी त्याच्या उशाजवळचा एक्सरे उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि लाडक्या नातवाकडे बघावं तसे हसले. "वा, काय सुंदर मोडलंय." म्हाताऱ्याला वाटलं, डॉक्टर हसतात म्हणजे फारसं काही नसावं, म्हणून तोही बिचारा हसला. त्याच्या पायावरची चादर सरांनी शेवटपर्यंत उचलली नाही.

मी हाडांची डॉक्टर. मूळची सावद्याची, आणि तोंडाची फटकळ. सर मला "सावद्याच्या बाई" म्हणायचे. त्यात कौतुक नव्हतं, हे सांगायला नको. धुळ्यात त्यांचं नाव मोठं होतं आणि हातही चांगला होता, हे नाकारलं तर मला पाप लागेल. पण हात चांगला असून माणूस किती कोता असू शकतो, हे मी त्यांच्याकडेच शिकले. "एक्सरे खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो पेशंट," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दुखतंय म्हणणाऱ्याला ते एक्सरे दाखवायचे आणि "यात कुठे दुखतंय ते दाखव" म्हणायचे. गरीब माणूस त्या काळ्या फिल्मकडे बघत गप्प बसायचा. सरांना वाटायचं, त्याला पटलं.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं की ते जोडायच्या आमच्याकडे मुख्य दोन रीती. एक, कातडी लांब चिरून हाडावर धातूची प्लेट ठेवायची आणि स्क्रूने आवळायची. दुसरी, खालून बारीक छेद घेऊन हाडाच्या पोकळीत पातळ रॉड सरकवायचा. हाडाचा चुरा झाला असेल तर प्लेट बरी, तुकडे नेमके बसवता येतात. पण घोट्यावर मांस नसतं. कातडीखाली लगेच हाड, त्यामुळे प्लेट बाहेरून बोटाला लागते. रॉड आत राहतो, छेद लहान, जखम लवकर भरते. कोणाला काय घालायचं, ते समोरचा माणूस बघून ठरवावं, एवढी साधी गोष्ट. सरांचं मात्र ठरलेलं. "रॉड म्हणजे आळशी माणसाचं काम. प्लेट ही कारागिरी." जळगावच्या परिषदेत ते याच विषयावर बोलणार होते. प्लेट आणि रॉडची तुलना, असं नाव दिलं होतं. निकाल आधीच लागलेला होता, तुलना तेवढी करायची राहिली होती.

अशात सुमलीअक्का आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, साठी उलटलेली, उतारावरच्या शेतात पाय घसरून घोटा मोडलेली. पाय भोपळ्यासारखा सुजला होता आणि त्यात चांदीचा जाड वाळा रुतून बसला होता. लग्नात सासूने घातलेला तो वाळा तेव्हापासून उतरला नव्हता. कापायला लागेल म्हटल्यावर अक्का रडलीबिडली नाही. मला म्हणाली, "काप ताई. पन तुकडा माले दे, मी सोनारकडथून जोडी लिसू." तुकडे तिने पदरात बांधून घेतले.

मी सरांना जाऊन सांगितलं, "सर, ही वाळा परत घालणार. प्लेट नेमकी त्याच्याखाली येईल. कातडी कागदासारखी पातळ आहे. हाडाचे दोनच तुकडे आहेत, रॉड पुरेल."

"आपण हॉस्पिटल चालवतो की सराफी?" सर म्हणाले. "एका वाळ्यासाठी मी माझी पद्धत बदलू?"

मी वाद घातला. पालथ्या घड्यावर पाणी. पेशंट त्यांची, हॉस्पिटल त्यांचं, प्लेटच बसली. दुसऱ्या दिवशीचा एक्सरे खरोखर पुस्तकात छापावा असा आला. सरांनी मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढला आणि औषध कंपनीच्या पोरांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. अक्का त्याच मजल्यावर चार खाटा सोडून पडली होती. तिच्याकडे कोणी फिरकलं नाही.

पुढे टाके सुकले, सूज उतरली आणि अक्काने सोनाराकडून जोडून घेतलेला वाळा चढवला. महिनाभरात ती लंगडत परत आली. वाळा वर सरकवून तिने घोटा दाखवला. कातडी झिजून भोक पडलं होतं, आत प्लेट चमकत होती आणि कडेने पू येत होता. "ताई, आठे लोखंड लागस. रातदिन ठनकस."

हाड अजून पुरतं जुळलेलं नव्हतं, त्यामुळे प्लेट काढता येत नव्हती. पू हाडात उतरला असता तर पाय घालवायची वेळ आली असती, आणि डोंगराकडेला एका पायाने बाई जगते कशी, ते कोणी मला सांगावं. मी सरांना बोलावलं. त्यांनी आधी नवा एक्सरे काढायला लावला. तो बघून म्हणाले, "हाड जागच्या जागी आहे. वाळा घालायला कोणी सांगितलं होतं? चूक हिची."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. अक्का शांतपणे म्हणाली, "मना वाळा शे. मी कोना पायमा घालू?"

सर पुढच्या एक्सरेकडे वळले.

तो पाय मी वाचवला, कारण दुसरं कोणी वाचवणार नव्हतं. अक्का दर आठवड्याला एसटीने यायची, मी जखम धुवायची. हाड जुळल्यावर प्लेट मीच काढली. जखम भरली, पण घोटा आखडला तो आखडलाच. अक्का आता सपाटीवर चालते, उतारावरचं शेत सुनेने घेतलंय. वाळा फडक्यात बांधून ठेवलाय.

आणि जळगावच्या परिषदेत सरांनी पडद्यावर काय लावलं असेल? अक्काचा तोच ऑपरेशननंतरचा पहिला एक्सरे. "उत्तम निकाल," असं म्हणाले. मी मागून उठून विचारलं, "सर, पेशंट चालते कशी?" सर हसून म्हणाले, "हाड मी जोडलंय. चालायचं तिचं तिने बघावं." सभागृह हसलं आणि भरीत-पुरीच्या जेवणाला उठलं. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली आणि जळगावला स्वतःचा छोटा दवाखाना थाटला.

गेल्या वर्षी सर न्हाणीघरात घसरले. घोटा मोडला. अख्खं धुळे सोडून गाडीत पाय लांब करून ते माझ्याकडे आले. हाडाचे दोनच तुकडे होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "प्लेट नको. रॉड घाल."

"का हो सर? प्लेट म्हणजे कारागिरी ना?"

"मी रोज चामड्याचे बूट घालतो. बुटाची कड नेमकी तिथेच घासते. तुला कळायला पाहिजे."

"मग बूट सोडा."

"वेडी आहेस का? जन्मभराची सवय आहे माझी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "सर, सुमलीअक्का आठवते का?"

"कोण?"

"वाळेवाली. घोट्याला भोक पडलं होतं."

सर आठ्या घालून आठवत राहिले. मला खरंच वाटलं, आता हा माणूस मान खाली घालेल. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हां, ती होय," ते म्हणाले. "काय सुंदर एक्सरे होता गं तो."

ऑपरेशन टेबलावर घेतल्यावर भूलतज्ज्ञांनी विचारलं, पाठीत इंजेक्शन देऊन फक्त पाय बधिर करू का. मी म्हटलं, नको, पूर्ण झोपवा ह्यांना. जागे राहिले तर बोलत राहतील.