थंड शेगडी

आमच्या घरी एकादशीला स्वयंपाकघर रोजच्यापेक्षा जास्त राबतं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचे काप. माझी मुलगी बंगाली माझ्यापेक्षा चांगलं बोलते आणि मराठी माझ्यापेक्षा वाईट, पण एकादशी कधी आहे हे ती मला न चुकता विचारते, कारण तिच्या लेखी तो मेजवानीचा दिवस आहे. एकादशीपायी एखाद्या बाईचं घर जाऊ शकतं असं पूर्वी मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि काही महिन्यांनी मी शहराच्या घरबांधणी आणि वस्तीसुधार विभागात कंत्राटी नोकरी धरली. कौलारू बस्ती हलवायची, त्याच जागेवर इमारत बांधायची, आणि तिथल्याच लोकांना परवडेल अशा भावात तिथेच घर द्यायचं, हे आमचं काम. मी या विभागाची नालस्ती करायला बसलेली नाही. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात चूल मांडणाऱ्या बायकांना तिसऱ्या मजल्यावर कोरड्या घरात गेलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या दिवशी पगार नसता मिळाला तरी चाललं असतं असं मला वाटलं आहे. पण काम चांगलं असलं म्हणून त्यातला मूर्खपणा गोड मानून घ्यायचा, हे मला जमत नाही. माहेरीही जमलं नाही, सासरीही नाही.

आमच्याकडे कुटुंबं मोजण्याची एक पद्धत होती. एका छपराखाली माणसं किती ते बघायचं नाही, चुली किती ते बघायचं. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला एक घर; कुटुंबात डोकी जास्त, तर खोली थोडी मोठी. एरवी लोक खोलीत साडीचा पडदा बांधून दोन संसार दाखवतात, तेव्हा पद्धतीत अर्थ होता. पाहणीची माणसं सकाळी जात, शेगडी बघत, राख बघत, हात लावून ऊब बघत, आणि मग दारावर गेरूने क्रमांक घालत. ज्या खोलीत वेगळी चूल नसेल, तिच्या दारावर क्रमांकाऐवजी एक बाण काढत. बाण ज्या दाराकडे, त्या घरात ती खोली धरलेली.

सियालदहच्या घाऊक बाजारामागच्या बस्तीत असाच बाण असलेल्या एका दारासमोर मला एका म्हातारीने अडवलं. सगळी गल्ली तिला पिशी म्हणायची. पिशी म्हणजे आत्या. तरुणपणी विधवा होऊन ती भावाकडे परत आली होती. भाऊ गेला, आणि आता शेजारच्या खोलीत भाचा, त्याची बायको आणि मुलं राहत होती. भाचा बाजारात लिंबं विकायचा. पिशी कौलांवर डाळीच्या बोड्या वाळत घालायची, म्हणजे आपले सांडगेच, आणि त्या दुकानात देऊन आपलं भागवायची.

"बौमा," ती मला म्हणाली. सुनेच्या वयाच्या बाईला तिथे बौमा म्हणतात. "या दारावर बाण का काढला? मी काय वाट दाखवायला बसले आहे?"

मी आत गेले. खोलीत एक बाज, एक पत्र्याची पेटी आणि कोपऱ्यात कोळशाची शेगडी. शेगडीवर काजळी, खाली राख, शेजारी एका माणसाचं पातेलं. शेगडी रोज पेटते हे आंधळ्यालाही कळलं असतं. पिशी भाच्याच्या घरचं खात नाही, कारण तिथे मासे शिजतात, आणि जुन्या वळणाच्या विधवेला माशाच्या भांड्याचा वाससुद्धा चालत नाही. जन्मभर तिने आपला भात आपण शिजवला होता.

मग पाहणीवाल्यांना शेगडी दिसली कशी नाही? विचारल्यावर पिशीने दिवस सांगितला आणि मी कपाळावर हात मारला. एकादशी होती. आमच्या एकादशीला शेगडीला उसंत नसते, तिच्या एकादशीला शेगडी पेटतच नाही. दशमीला रात्री ती राख काढते, शेगडीला मातीचा ताजा हात देते आणि दुसऱ्या दिवशी भिजवलेला साबू म्हणजे साबुदाणा, केळं आणि बत्तासा खाऊन राहते. पाहणीची माणसं आली तेव्हा शेगडी थंड, राखेचा कण नाही, वर नवं लिंपण. त्यांना वाटलं, म्हातारीने एका जादा घरासाठी काल ही शेगडी आणून मांडली. त्यांनी भाच्याला विचारलं. भाचा म्हणाला, "ती आमच्यातलीच आहे." झालं, बाण निघाला.

बाण राहिला असता तर काय झालं असतं ते सांगते. भाच्याला एक घर मिळालं असतं, एक खोली आणि एक स्वयंपाकघर, आणि त्यात माशाच्या कढईशेजारी पिशी. ती तिथे एक घास जेवली नसती. शहराबाहेर बजबजला तिची एक चुलत बहीण होती, तिच्या पडवीत जाऊन राहीन म्हणाली. ज्या गल्लीत जन्मली, विधवा होऊन परत आली आणि म्हातारी झाली, तिथून तिला आमचा विभाग हाकलणार होता, तोही तिला घर द्यायला निघालेला.

मी कार्यालयात येऊन आमच्या साहेबांपुढे उभी राहिले. माणूस वाईट नव्हता. बराकपूरहून रोज गाडीने यायचा, डब्यातली मिठाई सगळ्यांना वाटायचा, पण नियमाचं नाव निघालं की कान बंद करायचा. शेवटी बराच वेळ हुज्जत घातल्यावर त्यांनी फेरतपासणी मान्य केली, स्वतः येतो म्हणाले आणि तारीख दिली.

मी घरी येऊन भिंतीवरची मराठी दिनदर्शिका बघितली. त्या तारखेला एकादशी होती.

दुसऱ्या दिवशी मी तारीख बदलायला सांगितलं. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, सरकारी काम पंचांग बघून होत नाही."

"सर, आपल्या विभागाचं नवं दालन महिनाभर कुलूपबंद होतं, ते कशामुळे?"

त्यांनी समोरची फाईल उघडली. पौषात शुभकार्य नको म्हणून त्यांनीच ते उघडू दिलं नव्हतं, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. तारीख मात्र तीच राहिली.

मग मी पिशीकडे गेले. म्हटलं, "त्या दिवशी नुसती शेगडी पेटवा. भात नको, काही नको. पाणी उकळा."

"एकादशीला?"

"पाणी उकळल्याने उपास मोडत नाही. आम्ही तर खिचडी करतो."

"तुम्ही करा," पिशी म्हणाली. "मी नवऱ्यामागे एवढी वर्षं ही शेगडी पाळली ती तुझ्या साहेबाला दाखवायला नाही. घर द्यायचं असेल तर द्या. न पेटवताच द्या."

मला तिचा भयंकर राग आला. मला अजूनही वाटतं की पाणी उकळायला काही हरकत नव्हती. पण परत येताना ट्राममध्ये बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की राग निम्मा होता आणि निम्मं कौतुक होतं. ही बाई माझ्याच जातकुळीची होती.

फेरतपासणीच्या दिवशी साहेब गल्लीत आले तेव्हा नळावरचं भांडी घासणं थांबलं. पिशी दारात बसली होती, पांढरं पातळ, डोक्यावर पदर. आत शेगडी लख्ख लिंपलेली. साहेब वाकले, त्यांनी हात लावला.

"थंड आहे."

"आज एकादशी आहे, सर."

"मागच्या वेळीही थंड होती."

"मागच्या वेळीही एकादशीच होती."

मागे कोणीतरी हसलं. साहेबांचे कान लाल झाले. भाचा आपल्या दारापाशी गमछा खांद्यावर टाकून उभा होता, त्याच्याकडे वळून साहेब म्हणाले, "तुमची आत्या तुमच्याकडे जेवते का? हो की नाही, एवढंच सांगा."

मी त्याच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते. मला वाटलं होतं, खोली मोठी मिळावी म्हणून त्याने पहिल्यांदा खोटं सांगितलं. पण त्याचा चेहरा लबाडाचा नव्हता, तो मान खाली घालून उभा होता.

"नाही जेवत," तो शेवटी म्हणाला.

"मग त्या वेळी आमच्यातलीच आहे असं का सांगितलंत?"

"आमचीच आहे ना. परक्या माणसांनी दारात येऊन विचारलं. त्यांना काय सांगू, की सख्ख्या आत्याला मी दोन घास घालत नाही?" त्याचा आवाज चढला. "मी रोज बोलावतो. लहानपणापासून बोलावतो आहे. ती येत नाही. तिचा भात ती करते, तिचा कोळसा ती आणते. ती वेगळी जेवते, सर. सगळ्यांदेखत सांगतो, वेगळी जेवते. लिहून घ्या."

मग तो नळापाशी गेला, गमछा भिजवला आणि पिशीच्या दारावरचा बाण खसाखसा पुसून टाकला. लाल ओघळ उंबऱ्यापर्यंत आले. पिशीने तोंडावर पदर घेतला. तिला त्याच्याकडून हे अपेक्षित नव्हतं, आणि मलाही नव्हतं. ज्या गोष्टीची त्याला जन्मभर लाज वाटली ती त्याने गल्लीसमोर उभं राहून सांगितली होती, आणि त्यात त्याचं नुकसानच होतं.

मी पिशवीतून गेरूचा खडा काढला आणि साहेबांपुढे धरला. "क्रमांक तुम्ही घालता की मी घालू?"

"अहवालात काय लिहाल?"

"शेगडी थंड, कुटुंब स्वतंत्र."

"आणि वरून विचारणा आली तर?"

"माझ्याकडे पाठवा. सही माझी आहे."

साहेबांनी खडा घेतला. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. जाताना ते पिशीपाशी थांबले आणि म्हणाले, "माझी आईही आज असंच करते." पिशी म्हणाली, "मग तुला हात लावून कशाला बघावं लागलं?"

माझं कंत्राट त्या वर्षी पुढे वाढलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही आणि मी विचारायलाही गेले नाही. अहवालातलं वाक्य मात्र तसंच राहिलं. तेवढी खातरजमा मी जायच्या आधी करून घेतली होती.

इमारत उभी राहायला वेळ लागला. पिशीला किल्ली मिळाल्याचं भाच्याने फोनवर सांगितलं, आणि मी मुद्दाम एकादशी बघून गेले. दोन्ही दारं समोरासमोर. भाच्याच्या घरातून माशाच्या फोडणीचा वास येत होता, आणि पिशीचं दार घट्ट लावलेलं होतं. आत नवा ओटा, त्यावर अजून न जोडलेला गॅस, आणि बाल्कनीत तीच जुनी शेगडी, ताजं लिंपण केलेली. तिने मला वाटीत साबू दिला. नुसता भिजवलेला, वर केळं आणि बत्तासा. आमच्या खिचडीची सर त्याला नाही, आणि मी तिला तसं सांगितलंही.

सवयीने मी बाल्कनीत जाऊन शेगडीला हात लावला. थंडगार होती.

"असू दे थंड," पिशी आतून म्हणाली. "आता कोण मोजायला येतंय?"