कूलर पाहायला आलेला माणूस

जुना कूलर विकायची जाहिरात मोबाइलवर मीच टाकली होती. "मी घरी असतानाच बोलाव लोकांना," असं यांनी बजावलं होतं. पण एकाचा मेसेज आला, "अभी आ जाऊँ?" आणि मी हो म्हणून बसले.

दाराला साखळी लावूनच मी फटीतून पाहिलं. त्यानं पाटीवरचं आडनाव वाचलं आणि चक्क मराठीत म्हणाला, "वहिनी, तुम्ही आपल्यातल्याच काय? गाव कोणतं?" जबलपुरात दिवसभर कानावर हिंदी. दारात मराठी ऐकली की आमची साखळी आपोआप निघते. माझीही निघाली.

चहा झाला. माहेर वर्धेचं, हे कारखान्यात, ड्यूटी संध्याकाळपर्यंत, मुलगी पुण्याला, सगळं मी सांगून टाकलं. तो "अच्छा, अच्छा" करत ऐकत होता, आतल्या खोलीकडे बघत होता. मग "कळवतो" म्हणून गेला.

संध्याकाळी यांनी विचारलं, "कूलर चालू करून पाहिला काय त्यानं?"

मी व्हरांड्यात गेले. कूलरवर झाकलेली चादर जशीच्या तशी होती.

जाहिरात काढली, नंबर ब्लॉक केला, दाराला वर आणखी एक कडी बसवली. पण त्याच्या डोक्यातलं काय पुसणार, कप्पाळ! दुसऱ्या दिवशी दुपारभर मी नुसती आतबाहेर करून राहिले.

काल घंटी वाजली. "कौन है?" मी आतूनच ओरडले.

"वहिनी, मी! हळदीकुंकवाला बोलवायला आले." आवाज मागच्या गल्लीतल्या काकूंचा होता, चांगला ओळखीचा.

मराठी ऐकली आणि माझा हात आपोआप वरच्या कडीकडे गेला, नीट लागली आहे ना ते चाचपायला.