तीन वेळा आणि वर सातवा हिस्सा

म्हसावदच्या त्या म्हाताऱ्या लोहारामुळे माझी नोकरी टिकली. समोर येईल त्या गोल वस्तूला तो दोरी लावायचा. भाकरीही मोजून मगच तोडायचा.

मी चौथीत शाळा सोडून कोकणातून इथे खानदेशात, शेठच्या बैलगाड्यांच्या कारखान्यात आलेला. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव मी आडव्या मापाच्या नुसती तिप्पट कापली आणि ती वीतभर तोकडी पडली. शेठ म्हणाले, "आते घर जाय."

लोहाराने तोकडी पट्टी मोजली आणि अंगणातून जरासं लहान चाक शोधून आणलं. धाव चपखल बसली.

"पट्टी बरोबर शे, शेठ. चाक चुकनं." मग मला म्हणाला, "चाक कोनतंबी ऱ्हावो, आडवं माप तीन येळा आन् वर सातवा हिस्सा. हाई बदलत नही, भाऊ."

शेठ हसले, मी राहिलो. ठरवलं, कधीतरी लोहाराला कोकणात घरी नेऊन आईच्या हातचं माशाचं कालवण वाढीन.