देव्हाऱ्यातली दुसरी किल्ली

कॉलेजच्या नोट्स आणि रजेचे अर्ज यांपलीकडे मी आजवर काही लिहिलेले नाही. मांडणीत चुका झाल्या तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. वीस वर्षे मी पदार्थविज्ञान शिकवले. भुतेखेते, दैवी संकेत, अंगात येणे यांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरे सांगायचे तर आजही नाही. म्हणूनच हे लिहिताना संकोच वाटतो… कारण जे घडले ते माझ्याच विषयातले आहे.

२००६ साली ह्यांना हिंजवडीत नोकरी लागली आणि आम्ही सोलापूरहून मुळशीतल्या रिहे गावी आलो. हौसामावशींच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्याच वर्षी एक जुनी, छोटी गाडी घेतली आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी ती चालवायला शिकू लागले. विकणाऱ्याने दोन किल्ल्या दिल्या होत्या. पहिलीने गाडी सुरू होई. दुसरीने दार उघडे, स्टार्टरही फिरे. पण इंजिन सुरू होत नसे, आणि डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत राही.

अशा किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाएवढी चिप असते. कुलपाभोवतीचे तारेचे वेटोळे त्या चिपची ओळख पटवून घेते. ओळख पटली नाही तर इंजिन सुरूच होऊ दिले जात नाही. तत्त्व साधे, दर वर्षी वर्गात शिकवलेले. दुसऱ्या किल्लीतल्या चिपची ओळख पुसली गेली असावी असे समजून मी एकेक शक्यता रीतसर तपासली. जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या काढल्या. बॅटरीची टोके घासली. किल्ली दहा-दहा मिनिटे ‘ऑन’वर ठेवून पाहिली. वहीत एकवीस प्रयत्नांची नोंद आहे. एकदाही इंजिन सुरू झाले नाही. ‘पुण्याला दाखवू कधीतरी,’ असे हे म्हणत राहिले.

खंडेनवमीला मावशींनी विळे, कोयते, खुरपी देव्हाऱ्यापुढे मांडली आणि आमच्या दाराशी आल्या.

“मास्तरीणबाई, तुमच्या गाडीची किल्ली द्या. गाडी बी हत्यारच हाय.”

त्यांच्या घरची रीत अशी, की प्रत्येक प्रकारचे एक हत्यार पुढच्या खंडेनवमीपर्यंत देवापाशीच राहायचे. नाही म्हणायला मला जमले नाही, आणि चालती किल्ली वर्षभर देणे शक्य नव्हते. मी ती निकामी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

“चांगली हाय न्हवं?”

“हो,” मी म्हणाले. एवढ्याशा गोष्टीसाठी मी खोटे बोलले.

पुढच्या जुलैत भातलावणी चालू होती. दुपारी एकच्या सुमारास मावशींची सून सुनीता त्यांना खांद्याचा आधार देत अंगणात घेऊन आली. बांधावर घोणस चावली होती. पोटरी डोळ्यांदेखत सुजत होती. घरची जीप घेऊन मावशींचा मुलगा खत आणायला गेला होता. आळीत दुसरे वाहन नव्हते. पौडच्या दवाखान्यात लवकर पोचणे एवढेच हाती होते, आणि आमची गाडी दारात उभी होती. मी आत धावले. किल्लीची खुंटी रिकामी! मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येई. तिथून ह्यांना फोन लावला.

“अगं, सकाळी डिकीतून छत्री काढली ना… किल्ली माझ्याच खिशात आहे!”

हे हिंजवडीत, कंपनीच्या बसने गेलेले.

मावशी ओट्यावरून म्हणाल्या, “सुनीते, देव्हाऱ्यातली आन.”

ती चालत नाही, हे त्या अंगणात मला एकटीलाच ठाऊक होते… निदान मला तसे वाटत होते. सांगायला हवे होते. सुनीताने हळदीकुंकवाने माखलेली किल्ली आणून दिली आणि मावशींचे डोके मांडीवर घेऊन ती मागे बसली. मी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, लाल दिवा लुकलुकू लागला. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

सुनीता रडू लागली. “बाई, काय झालं वो? रोज तर लगेच चालू हुतीया!”

“गप गं,” मावशींचा आवाज खोल गेला होता. “बाई, किल्ली हाय ती, ताक घुसळल्यावानी काय करताय? दमानं फिरवा.”

मी चौथ्यांदा फिरवली. दिवा लुकलुकला नाही. क्षणभर स्थिर राहिला, विझला… आणि इंजिन सुरू झाले.

शेजारी हे बसलेले नसताना मी गाडी चालवण्याची ती पहिलीच वेळ. बहुतेक रस्ता दुसऱ्या गिअरमध्येच कापला, कारण गाडी बंद पडली तर पुढे काय, हा विचारही करवत नव्हता. मावशींना आत नेल्यावरही मी इंजिन चालूच ठेवले. शेवटी पहारेकरी ओरडला, “ओ म्याडम, धूर आत जातोय, बंद करा ती!” मी बंद केले. त्यानंतर त्या किल्लीने गाडी सुरू झाली नाही. संध्याकाळी हे पहिली किल्ली घेऊन आले, तेव्हा लगेच झाली.

मावशी वाचल्या. सहा दिवसांनी घरी आल्या. त्यानंतर, सुनीताने परत देव्हाऱ्यात ठेवलेली ती किल्ली मी मागून घेतली आणि गाडी घेऊन कोथरूडच्या एका किल्लीवाल्याकडे गेले. त्याने पात्याने डोके उघडले, माझ्यासमोर धरले.

“मॅडम, यात चिपच नाहीये.”

“पडली असेल?”

“पडायला आधी हवी ना! चिपची जागाच नाही बघा. साधी नक्कल आहे ही.” त्याने स्टिअरिंगखालचे झाकणही उघडून पाहिले, काही जण मूळ चिप तिथे चिकटवून ठेवतात म्हणे. तिथेही काही नव्हते. मी त्या दुपारचे सांगितले. तो म्हणाला, “मग तेव्हा खरी किल्ली गाडीत असणार.”

“ती हिंजवडीत होती.”

चुकीचे उत्तर ठामपणे सांगणाऱ्या विद्यार्थ्याकडे मी जसे पाहत असे, तसे त्याने माझ्याकडे पाहिले.

हे म्हणतात, गाडीतली यंत्रणाच तेवढी एकदा चुकली असेल. असेलही. पुढे अकरा वेळा तपासले. ती पुन्हा चुकली नाही. वहीत त्या दिवशीच्या, बाविसाव्या ते चोविसाव्या नोंदींसमोर ‘नाही’ आहे, आणि पंचविसाव्यासमोर काय लिहावे ते न कळल्याने जागा कोरी आहे.

किल्ली परत करताना मात्र मला राहवले नाही. मावशी पायाला पट्टी बांधून ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी खाली मान घालून सगळे सांगितले — तिच्यात काही नाही, ती कधीच चालत नव्हती, आणि देताना मला ते माहीत होते.

त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

“मला ठावं हुतं की. चालती किल्ली कुनी दुसऱ्याच्या देवापुढं ठिवतं व्हय?”

मी गोंधळले. “मग त्या दिवशी सुनीताला तीच का आणायला सांगितलीत?”

“घ्या! दुसरी हुती कुटं?”

एवढे बोलून त्या किल्ली हातात घेऊन आत गेल्या. तांब्याच्या ताम्हनात ती ठेवल्याचा आवाज मी बाहेर ऐकला. वही अजून माझ्याकडे आहे. पंचविसाव्या ओळीत मी अद्याप काही लिहू शकलेले नाही.