दोन कुलुपांचा तलाव

एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं मिळून एक दार उघडू शकतात का?

करडीजवळच्या आमच्या तलावाचा पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी वाटून देणारा माणूस, मला बांधावर नेहमी भेटे. गळ्यात ट्रान्झिस्टर, बातम्या देणाऱ्यालाही तो मध्येच "काहून गा?" असं विचारी. पाणी कोणी एकट्यानं पळवू नये म्हणून तलावाच्या पाणी सोडायच्या दाराला दोन टोल्यांची, म्हणजे वस्त्यांची, दोन कुलुपं होती. पाटकऱ्याकडे किल्ली एकही नव्हती. एका वर्षी टोल्यांत भांडण पेटलं, पावसानं दडी मारली, लावणीसाठी वाढवलेले भाताचे परे पिवळे पडले. किल्ल्या दोन्ही टोल्यांच्या पंचांच्या कमरेलाच राहिल्या.

तेवढ्यात अमेरिका आणि रशियाची यानं अंतराळात जोडली गेल्याची बातमी आली. पाटकऱ्यानं दोन्ही पंचांना बांधावर बोलावलं आणि ट्रान्झिस्टर मोठा केला.

"बाँबवाले वर दार उघडून हात मिळवून राहिले. तुमच्यापाशी तर बाँब बी नाई गा."

"तुह्या डब्ब्याले का समजते?" म्हणत एक पंच हसला आणि त्यानं किल्ली काढली. दुसऱ्यानं पिवळ्या पऱ्यांकडे पाहिलं, मग आपलीही काढली. कुलुपं निघाली, पाणी पाटात उतरलं आणि पाटकरी पाण्यामागे धावत सुटला, ट्रान्झिस्टर छातीवर आपटत.

शांतता वरून येईल म्हणून थांबू नका. तुमच्या कमरेला अशी एखादी किल्ली असेल, तर ती घेऊन आजच बांधावर या.