किल्ली दिली का हो घड्याळाला?

गेल्या शुक्रवारी, अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या किचनमध्ये, माझा दणदणीत विजय झाला. इथे लिहून ठेवतेय, कारण घरात तो कुणी मोठ्या तोंडाने सांगणार नाही.

शेजारच्या रूथआजी सत्त्याऐंशीच्या, मूळच्या जर्मनीच्या. मुलाकडे फ्लोरिडाला राहायला निघाल्या होत्या. मुलाचं फर्मान होतं, जे चालतं तेच न्यायचं, बाकी सगळं शनिवारी गराज सेलमध्ये विकून टाकायचं. आणि आजींच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ ते गेल्यापासून बंद…

काय घड्याळ हो! झाकणावर मिनाकाम, निळ्या तळ्याकाठी बसलेली बाई. चेहरा तांदळाएवढा, पण गालावर लालीसुद्धा! काचेची रंगीत पूड लावायची, भट्टीत भाजायची, परत लावायची, परत भाजायची… शेवटच्या भाजणीत तडा गेला, की सगळी मेहनत पाण्यात.

"पपांच्या मांडीवर बसून टिकटिक ऐकायचे. एकदाच परत ऐकायचीय," आजी म्हणाल्या. मी घड्याळ घरी घेऊन आले.

आमचे हे सॉफ्टवेअरमधले. आधी बॅटरी शोधली (!), मग दोन दिवस भिंग लावून बसले. निदान काय, तर "वरचं फिरवायचं बटणच तुटलंय. डेड आहे यार."

मी पोळ्या लाटत होते. सहज विचारलं, "अहो, पण किल्ली दिली का?"

"बटणच नाही तर किल्ली कशी देणार? तुझं आपलं काहीतरीच!"

…आणि लाटणं हातात तसंच राहिलं. माझे बाबा रोज सकाळी घड्याळाला किल्ली द्यायचे, दोन बोटांनी. किल्ली कधी कुणी पाहिलीय? पण शब्द काय आभाळातून पडला? कधीतरी खरीखुरी किल्ली असणारच की!

मागचं झाकण उघडायला लावलं. आत एक बारीक भोक, त्यात चौकोनी टोक. दोन दिवस आमचे हे त्याला स्क्रू समजत होते.

आणि किल्ली? रूथआजींच्या गळ्यात! आईची आठवण म्हणून साखळीत घातलेली, इवलीशी, मी रोज पाहायचे तीच. दागिन्यांच्या हरवलेल्या पेटीची असेल, असं त्या जन्मभर समजत आल्या. मी पिठाच्या हातांनी तशीच पळत गेले आणि त्यांना घेऊन आले.

किल्ली चपखल बसली. अगदी जपून, अर्धाच फेरा दिला… काहीच नाही. अजून जरासा… टिक्. टिक्. टिक्.

आजींनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले आणि "पपा" एवढंच म्हणाल्या. मी तर रडलेच. हे चष्मा पुसत होते, म्हणे भिंगाने डोळ्यांवर ताण आला.

घड्याळ सेलमध्ये गेलं नाही. आजींच्या पर्समधून ऐटीत फ्लोरिडाला गेलं. ज्याने कुणी मराठीत पहिल्यांदा 'किल्ली देणं' म्हटलं असेल, त्याला माझा साष्टांग नमस्कार…

आज सकाळी फोन वाजला. हॅलो नाही, काही नाही. पलीकडून रूथआजींचा खणखणीत आवाज, मी शिकवलेल्या मराठीत…

"किल्ली डिली!"